वर्गविग्रह

पहिल्या वर्गाशी माझं भांडण जुनं आहे. शाळेत त्याची सुरुवात झाली आणि बी.कॉम.च्या निकालपत्रावर त्या भांडणाला रीतसर गोल शिक्का मिळाला. पण ते भांडण खासगी होतं, त्याबद्दल मी कुणाकडे दाद मागितली नाही. आज ज्या पहिल्या वर्गाविरुद्ध मी वाचकांच्या दरबारात फिर्याद गुदरतो आहे, तो वर्ग चाकांवर धावतो, पंखांवर उडतो, तिप्पट-चौपट पैसे घेतो आणि बाकीची मंडळी ज्या मिनिटाला जिथं पोहोचतात, त्याच मिनिटाला तिथंच आपल्यालाही नेऊन सोडतो.

फिर्यादीला निमित्त झालं आमच्या मेव्हण्याचं. मेव्हणा न्यू जर्सीला असतो. (हल्ली प्रत्येक मराठी कुटुंबाचा निदान एक मेव्हणा न्यू जर्सीत असतो. ज्यांचा नसतो, त्यांचा व्हिसाच्या रांगेत असतो.) त्याच्या मुलाची मुंज ठरली आहे. बटूला मराठी येत नाही आणि मातृभोजनाला पिझ्झा चालेल का, असं त्यानं आधीच विचारून ठेवलं आहे. पण तो विषय वेगळा. मेव्हण्यानं फोनवर सांगितलं, "भाऊजी, पंधरा-सोळा तासांचा प्रवास आहे. ताईचे गुडघे बघा, तुमची कंबर बघा. इकॉनॉमीनं अजिबात येऊ नका. सरळ बिझनेस क्लास काढा. पैसे वसूल होतात!"

पैसे वसूल होतात हे त्यानं सांगितलं. कुणाचे, ते सांगितलं नाही. अमेरिकेत राहून माणूस स्पष्टवक्ता होतो म्हणतात. होत असावा, पण निवडक विषयांपुरता.

घरातून लगेच पाठिंबा आला. "अहो, एकदाच तर जायचंय!" मध्यमवर्गीय माणसाची जेवढी म्हणून दिवाळखोरी आजवर झाली असेल, तिच्या मुळाशी हे 'एकदाच तर' सापडेल. लग्न एकदाच तर व्हायचंय, फ्लॅट एकदाच तर घ्यायचाय, सोफा एकदाच तर करायचाय. आणि हे सगळे 'एकदाच' एकाच माणसाच्या पगारातून एकामागून एक कापले जातात.

मी बँकेत कारकून. दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब करण्यात उमर गेली. तेव्हा भावनेला बाजूला बसवून मी कागद घेतला. तिकिटाच्या एजंटानं आकडे दिले होते ते असे: इकॉनॉमीचं जाऊन-येऊन तिकीट माणशी एक लाख वीस हजार, बिझनेसचं चार लाख वीस हजार. फरक माणशी तीन लाख. आम्ही दोघं, म्हणजे सहा लाख. जाताना सोळा तास, येताना सोळा, दोघांचे मिळून चौसष्ट तास. सहा लाखांना चौसष्टानं भागा. तासाला नऊ हजार तीनशे पंचाहत्तर रुपये. मिनिटाला एकशे छप्पन्न रुपये पंचवीस पैसे.

म्हणजे काय, तर एक मिनिट पाय पसरून पडायचे एकशे छप्पन्न रुपये! आकडा वाचून सौभाग्यवतींनी आपण होऊन पाय जवळ घेतले. बँकेत दुपारी जेवणानंतर मी डोळे मिटतो, त्याचा दर याहून पुष्कळ कमी बसतो, असं आमच्या अकाउंटंटसाहेबांचं मत पडलं. हेड कॅशियर म्हणाले, "सहा लाखांत तुम्ही दुसऱ्या वर्गाचा लोकलचा पास शंभर वर्षांहून जास्त काळ काढू शकता." ते रोख रकमेचे मनुष्य, त्यांना मृत्यूसारख्या किरकोळ अडचणी दिसत नाहीत.

पण त्यांच्या तोंडून लोकलचं नाव निघालं आणि माझ्या डोक्यात निराळाच प्रश्न आला. लांब पल्ल्याचा प्रवास, लांब पल्ल्याचा प्रवास असा जो घोष चालला आहे, तो लांब पल्ल्याचा प्रवासी नक्की कोण?

माझं घर उल्हासनगर कॅम्प पाचला. कॅम्प पाचला स्वतःचं स्टेशन नाही. अंबरनाथ गाठायचं की विठ्ठलवाडी, यावरून एकाच घरात दोन पक्ष असतात आणि शेअर रिक्षावाला हा तिसरा, सत्ताधारी. मी अंबरनाथ पक्षाचा. अंबरनाथ ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर साधारण साठ किलोमीटर. जाऊन-येऊन एकशे वीस. बँकेचे कामाचे दिवस, रजा-सुट्या वगळून, अडीचशे धरा. वर्षाला तीस हजार किलोमीटर झाले. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे मेव्हण्याच्या घरी जाऊन, मुंज लावून, परत येऊन, तिथं विसरलेली छत्री आणायला मी जवळपास निम्म्या वाटेवर पुन्हा गेलेला असतो. दर वर्षी!

फोर्टात मला चोवीस वर्षं झाली. शाखा बदलल्या, फोर्ट बदललं नाही. चोवीस गुणिले तीस हजार, सात लाख वीस हजार. चंद्र पृथ्वीपासून सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे किलोमीटरवर आहे. याचा अर्थ मी चंद्रावर केव्हाच जाऊन पोहोचलो असून सध्या परतीच्या प्रवासात आहे आणि अजून सुमारे एकोणपन्नास हजार किलोमीटर बाकी आहेत. दीड-पावणेदोन वर्षांत घरी येईन. चांद्रयान-३ तेवीस ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलं तेव्हा सगळ्या देशानं टाळ्या वाजवल्या. मी त्या सुमारास चंद्रावरून निघून बरीच वर्षं झाली होती आणि निम्मी वाट तर मी उभ्यानं केली होती. माझ्यासाठी टाळी वाजली ती फक्त डब्यातल्या भजनी मंडळाची.

तेव्हा बिझनेस क्लासचा निकाल लावण्याआधी आपण आपल्या घरचा बिझनेस क्लास तपासू, म्हणजे लोकलमधला फर्स्ट क्लास. त्याला तिप्पट-चौपट पैसे मोजणारी माणसं आपल्याच इमारतीत राहतात आणि तुम्ही अजून सेकंडनं जाता हे कळलं, की 'तब्येत बरी आहे ना?' अशा नजरेनं बघतात.

उल्हासनगरच्या माणसानं या विषयावर बोलावं याला एक अधिकार आहे. माल आणि लेबल यांतला फरक आमच्या गावाइतका दुसऱ्या कुणाला कळत नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आमच्याबद्दल सगळा महाराष्ट्र सांगतो आणि तो सांगून झाला की भाव विचारायला आमच्याच बाजारात येतो. आमच्या इमारतीत खाली एका सिंधी काकांचं जीन्सचं दुकान आहे. त्यांना मी एकदा विचारलं, "काका, ही पाचशेची आणि ही पंधराशेची. फरक काय?" काका म्हणाले, "साईं, कपडा तोच, शिलाई तीच, बटण पण तेच. फक्त ही दुसरी घातली की माणूस जरा ताठ चालतो. ते हजार रुपये ताठ चालण्याचे."

मी कॉमर्सची तीन वर्षं काढली, पण किंमत आणि मूल्य यांवर इतकं सोपं व्याख्यान ऐकलं नव्हतं.

आता या कसोटीवर फर्स्ट क्लास घासून बघा. मी अभ्यासासाठी म्हणून रीतसर तिकीट काढून त्यात बसलेलो आहे. गाडी तीच, डबाही तोच. एकाच डब्यात मध्ये भिंत घालून अलीकडे पहिला वर्ग आणि पलीकडे दुसरा. मोटरमन एक, हॉर्न एक, कुर्ला-शीव दरम्यान सिग्नलला थांबणं एक. बाकावर गादी थोडी जास्त. पंखा तसाच, आपलं डोकं सोडून बाकी सर्वांना वारा घालणारा. आणि ऐन गर्दीच्या वेळी तिथंही लोक उभेच असतात. फरक इतकाच, की सेकंडमध्ये पाय तुडवला तर 'काय रे, डोळे फुटले का?' असं आपुलकीनं विचारतात. फर्स्टमध्ये 'एक्स्क्यूज मी' म्हणतात आणि पाय तसाच ठेवतात.

पहिल्या वर्गात चौथी सीट नावाची संस्था नाही. सेकंडमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस येतो, नुसतं 'जरा सरकून घ्या' म्हणतो आणि तिघं सरकतात. चौथ्याला मिळते ती सीट नसतेच, सीटची केवळ संकल्पना असते. पण त्या संकल्पनेवर अर्धं बूड टेकून माणसानं ठाणे ते अंबरनाथ काढलेलं आहे. कुणी कुणाचं देणं लागत नाही, तरी रोज चौथ्याला जागा होते. याच डब्यात घेवडा निवडला जातो, मुलीचं स्थळ सुचवलं जातं आणि माझ्यासारख्याला गृहकर्जाबद्दल फुकट सल्ला विचारला जातो. फर्स्टमध्ये प्रत्येकजण कानात बोंडुक घालून मोबाइलमध्ये मान घालतो. शेजाऱ्याचं नाव कळायला तिथं वृत्तपत्रात छोटी जाहिरात यावी लागते.

तर मग पैसे कशाचे? ताठ चालण्याचे. आणि दुसरं म्हणजे, पलीकडच्या डब्यात आपण नसण्याचे. फर्स्टच्या पासात गादीचे पैसे थोडे आणि भिंतीचे जास्त असतात.

हे मी एकटा म्हणत नाही. ज्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर होता, पुलं-रस्ते बांधणारा आणि अर्थशास्त्राचा विचार करणारा. त्यानं १८४९ मध्ये आगगाडीच्या भाड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्परच नसे. छपराला खर्च येतो म्हणून नव्हे, असं तो म्हणतो. छपराला असा किती खर्च येणार? पण तिसऱ्या वर्गाला छप्पर दिलं, तर ज्याच्या खिशात दुसऱ्या वर्गाचे पैसे आहेत तोही तिसऱ्यात बसेल. म्हणून गरिबाला भिजवायचं, ते गरिबावर राग म्हणून नाही, तर मधल्याला भीती घालायला! इंग्लंडमध्येही तेच चाललं होतं. शेवटी तिथल्या पार्लमेंटला १८४४ मध्ये कायदा करावा लागला, की रोज निदान एक गाडी अशी चालवा जिच्यात मैलाला एक पेनी देणाऱ्या माणसाला ऊन-पाऊस लागणार नाही.

आता मला सांगा, विमानात इकॉनॉमीच्या दोन खुर्च्यांमधलं अंतर एकतीस-बत्तीस इंच असतं, त्यात गुडघा समोरच्याच्या पाठीला लागतो, हा अपघात आहे का? अहो, ती जाहिरात आहे! बिझनेस क्लासची सर्वात प्रभावी जाहिरात वर्तमानपत्रात नसते, ती तुमच्या गुडघ्यावर छापलेली असते. शिवाय बऱ्याच विमानांत आपल्याला आपल्या जागेकडे नेतात ते पुढच्या मंडळींच्या मधून. ते आधीच बसलेले, हातात सरबत, पायाशी इतकी जागा की तिथं आमचा स्वयंपाकघराचा ओटा मावेल. आणि आपण पाठीला पिशवी लावून त्यांच्यापुढून दिंडीसारखे मागे सरकतो. हे नाव मात्र खरं ठेवलं आहे. विमानात 'बिझनेस क्लास' आला तो १९७०च्या दशकाच्या शेवटी. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीनं तो १९७९ मध्ये सुरू केला. पैसे द्यायचे बिझनेसनं आणि क्लास दिसायचा आपला, ही त्यातली मूळ योजना. स्वतःच्या प्रॉव्हिडंट फंडातून बिझनेस क्लास काढणं म्हणजे दुसऱ्याच्या सासऱ्यानं केलेल्या पाहुणचाराचं बिल आपण भरण्यासारखं आहे.

इथं कुणी म्हणेल, "तुमच्या पोटात का दुखतं? ज्याचे पैसे त्याची मर्जी." बरोबर आहे. विमानाच्या बाबतीत मी हे म्हणणं पूर्ण मान्य करतो. पुढच्यांनी चौपट पैसे दिले, तर विमान चालवणं परवडतं आणि मागच्यांचं तिकीट आटोक्यात राहतं, असं म्हणतात. असेलही. मेव्हण्यानं आडवं पडून यावं, त्यानं माझी खुर्ची काढून घेतली नाही. उलट त्याच्या घोरण्यातून माझी सुटका झाली.

पण लोकलचं तसं नाही. इथं माझं खरं भांडण सुरू होतं.

लोकलमध्ये सगळ्यात महाग वस्तू गादी नाही की गारवा नाही. सगळ्यात महाग वस्तू म्हणजे रुळावरची वेळ. सकाळी सात ते दहा या वेळात रुळावरून जितक्या गाड्या जाऊ शकतात तितक्याच जातात. तिथं एक भारी गाडी घालायची तर एक साधी गाडी काढावी लागते. आणि दुसऱ्या वर्गाच्या पासावर वातानुकूलित गाडीत चढता येत नाही. तिचा पास फर्स्टच्या पासाहूनही पुष्कळ महाग. त्यातून दारं बंद व्हायची म्हणजे दारात लटकणाऱ्याला तिच्यात जागा नाही. म्हणजे फलाटावरून ती गाडी सुटते तेव्हा ती काहींना घेऊन जाते आणि बाकीच्यांना पुढच्या साध्या गाडीच्या दारावर टाकून जाते.

हे कागदावरचं नाही, आमच्या शेजारच्या गावात घडलेलं आहे. मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल २०१७ च्या नाताळच्या दिवशी पश्चिम रेल्वेवर धावली. आमच्या मुख्य मार्गावर ती डिसेंबर २०२० मध्ये आली. मे २०२२ मध्ये तिचं एकेरी तिकीट निम्मं केलं, पास होते तसेच ठेवले. मग १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेनं दहा साध्या फेऱ्या काढून त्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या घातल्या. कळव्याला आणि बदलापूरला प्रवासी उठले. ही काही मोर्चेवाली माणसं नव्हेत. वर्षानुवर्षं ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दांडा धरून जाणारी माणसं. साहेबानं ओरडलं तरी 'सॉरी सर' म्हणणारी. तीसुद्धा बदलापूरच्या स्टेशनात घोषणा देत उभी राहिली, कारण त्यांची नेहमीची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत दारं लावून घेत होती. २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या पुन्हा साध्या झाल्या. एका आठवड्यात! आमच्या बँकेत पासबुकावरचं चुकलेलं नाव दुरुस्त व्हायला याहून जास्त वेळ लागतो.

काही लोक तेव्हा म्हणाले, 'यांना प्रगती नको आहे. गारव्यात जायला नको म्हणणारी माणसं कधी पाहिली आहेत का?' आहे ना प्रगती हवी. गारवाही हवा आहे. आमच्याकडे मे महिन्यात पंखा गरम वारा टाकतो आणि घामानं पासावरचं नाव पुसलं जातं. प्रश्न गारव्याचा नव्हता, कुणाची गाडी काढून कुणाला गारवा द्यायचा याचा होता.

आणि दारांचा होता. रेल्वेच्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरात चौदा ते सोळा माणसं उभी राहिली की त्याला असं म्हणतात. चौरस मीटर म्हणजे कॅरमबोर्डापेक्षा थोडी मोठी जागा. तेवढ्यात सोळा माणसं! या गोष्टीला नाव ठेवण्याइतकी आपल्याला तिची सवय झाली आहे. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली. चार जण त्याच दिवशी गेले. ती माणसं हौसेनं लटकत नव्हती. त्यांना आत जागा नव्हती आणि गाडी सोडली तर हजेरीवर लाल रेघ होती. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या डब्यात भजन झालं नाही. टाळ पिशवीतच राहिले. नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवू, असं रेल्वेनं त्याच दिवशी जाहीर केलं.

दार ही चैन आहे का? आजच्या हिशेबात आहे. महाग तिकीट काढलं तर बंद होणारं दार, स्वस्त काढलं तर उघडं. द्युपुईच्या छपराची गोष्ट पावणेदोनशे वर्षांची जुनी झाली असं तुम्हाला वाटलं असेल. मला तशी वाटत नाही.

मग करायचं काय? सगळे वर्ग मोडून टाकायचे? मी क्रांतिकारक नाही. मी साधा पतपेढीच्या निवडणुकीलाही उभा राहिलेलो नाही. पण याचं उत्तर एका मराठी माणसानं एकदा देऊन ठेवलेलं आहे आणि ते फूटपट्टीनं मोजता येतं.

आपल्या रेल्वेतून तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. गेला म्हणजे काय, तर तिसऱ्याला दुसरा म्हणू लागले. बाक तेच, लाकूड तेच, लेबल नवीन. आमच्या जीन्सवाल्या काकांनासुद्धा इतका स्वस्त धंदा जमला नसता. मग १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार, समाजवादी, प्राध्यापक. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर फोम घालायला लावला. दोन इंच. फार नाही, दोनच इंच. पहिल्या वर्गाची गादी काढून घेतली नाही, कुणाला खाली ओढलं नाही; खालच्याला दोन इंच वर उचललं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस निघाली, तिच्यात वर्गच नव्हते. सगळा दुसरा वर्ग. दंडवते जेमतेम सव्वादोन वर्षं मंत्री होते. पुढं कितीतरी मंत्री आले आणि गेले, पण त्यानंतर रात्रीच्या गाडीनं गावाला गेलेल्या ज्या कोट्यवधी लोकांची पाठ सकाळी सरळ राहिली, ती त्या दोन इंचांवर.

याला मी माल म्हणतो. बाकीचं लेबल.

आमच्या काकांचे वडील १९४८ साली कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना बरॅक मिळाली. त्याच छावणीचं पुढं, ऑगस्ट १९४९ मध्ये, उल्हासनगर झालं. मी काकांना विचारलं होतं, "वडील बोटीत कुठल्या वर्गात होते?" काका म्हणाले, "जिवंत माणसं होती त्या." ज्यांची कराचीला हवेली होती ते आणि ज्यांची खोली होती ते, एकाच बरॅकमध्ये मध्ये गोणपाटाचा पडदा लावून राहिले. सगळ्यांचं छप्पर एकच. ते गळायला लागलं की सगळे मिळून ओरडत. म्हणून ते दुरुस्त होई, असं काकांचं म्हणणं.

फर्स्ट क्लासबद्दलची माझी मुख्य तक्रार हीच आहे. ज्याला पत्र लिहिता येतं, ज्याचं साहेबाच्या केबिनमध्ये ऐकलं जातं, ज्याचा आतेभाऊ मंत्रालयात आहे, तो माणूस पास बदलून भिंतीपलीकडे जातो. त्याचं ओरडणं बंद होतं. आणि उरलेल्यांचं ओरडणं गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नाही.

आता कुणी म्हातारं आहे, कुणाचं ऑपरेशन झालं आहे, घरात बाळंतपण जवळ आलं आहे, कुणाला पाठीच्या दुखण्यानं उभं राहवत नाही, त्यांनी खुशाल फर्स्टचा पास काढावा. वातानुकूलितनं जावं, विमानात आडवं पडून जावं. ते औषध आहे आणि औषधाचा भाव करू नये. माझी हरकत आहे ती धडधाकट पाठीनं लेबल विकत घेण्याला; आणि त्याहूनही जास्त, साध्या माणसाची गाडी काढून त्या जागी लेबल विकायला ठेवण्याला.

राहता राहिला न्यू जर्सीचा प्रश्न. सौभाग्यवतींचे गुडघे मी डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, दर दीड-दोन तासांनी उठून चालायचं, पाणी प्यायचं, पायाचे घोटे हलवायचे. मी विचारलं, "बिझनेस क्लास?" ते म्हणाले, "मी तर इकॉनॉमीनंच जातो." या वाक्याची मी त्यांच्याकडून लेखी प्रत मागणार होतो. इकॉनॉमीची दोन तिकिटं काढली, एक कडेची आणि एक तिच्या शेजारची. फरकाच्या सहा लाखांची मुदत ठेव केली, आमच्याच शाखेत, वारस म्हणून सौभाग्यवतींचं नाव घालून; त्यामुळे वातावरण बरंचसं निवळलं. बरोबर चकल्या, मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी आहे. सोळा तासांत शेजारचा माणूस ओळखीचा झाला नाही तर मी अंबरनाथ लोकलचं नाव सांगणार नाही.

मेव्हण्याला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "भाऊजी, तुम्ही म्हणजे अगदी सेकंड क्लास आहात!"

मी म्हटलं, "आहेच. फक्त अजून दोन इंच फोम आणि एक दार हवंय. तेवढं झालं की तूही ये, सरकून घेऊ."